सॉक्रेटिस आणि गाडगेबाबा

अथेन्सचा सॉक्रेटिस शिकवत नसे, विचारत असे. शौर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, असं समोरच्याला विचारायचं. उत्तर आलं की त्यातूनच पुढचा प्रश्न. चार गोष्टी कबूल करून घेतल्या की पहिलं उत्तर आपोआप कोसळायचं. इ.स.पू. 399 मध्ये त्याला विषाचा पेला प्यावा लागला.

प्रश्न विचारण्याची ही रीत आपल्या बोलीत ऐकायची असेल तर गाडगेबाबांचं कीर्तन ऐकावं. 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले बाबा श्रोत्यांना विचारत: देवाला आंघोळ कोण घालतं? धोतर कोण नेसवतं? नैवेद्यावर कुत्रं आलं तर हाकलतं कोण? लोक स्वतःच उत्तर देत, आणि देतादेताच चपापत. बाबांना काय पटवायचं ते आधीच ठाऊक असे. सॉक्रेटिस मात्र आपल्याला ठाऊक नाही म्हणे. हा फरक मोठा आहे. तरी उत्तर श्रोत्याच्या तोंडून काढण्याची ताकद दोघांचीही.

दोघांनी काही लिहून ठेवलं नाही. सॉक्रेटिस त्याचा शिष्य प्लेटो याच्यामुळे कळतो. बाबांचं मात्र 1956 मधलं एक कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. मराठी घरांनी ते मुलांसोबत बसून जरूर ऐकावं.