जर्मनीचा समुद्र आणि आपली मुले

समुद्राची ओळख आपल्या मुलांना कोणी करून द्यावी लागत नाही. नीट चालता येण्याआधीच ती फ्लिक-आँ-फ्लाकच्या नाहीतर ब्लू बेच्या वाळूत बसलेली असतात. रविवारी टोप, चटया आणि सगळे गणगोत घेऊन सुरूच्या सावलीत तळ ठोकायचा, मुलांनी पाण्यात आणि मोठ्यांनी गप्पांत दिवस घालवायचा, ही आपली समुद्रावरची सुट्टी. तिला आखणी लागत नाही. म्हणूनच जर्मनीत स्थिरावलेल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे जायचे ठरले आणि "चार दिवस समुद्रावरही काढू" असे कोणी म्हटले, की घरात त्यावर चर्चा होत नाही. चर्चा होते ती थंडीच्या कपड्यांची आणि नातेवाइकांसाठी न्यायच्या लोणच्याची. समुद्राचे काय, तो तर आपला रोजचाच!

आम्हाला वाटते, आपली गफलत होते ती इथेच. आपल्या बेटाला बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. मोठी लाट बाहेरच फुटते आणि मुलांच्या वाट्याला येते ते आतले उथळ, उबदार पाणी. भरती-ओहोटीतला फरकही जेमतेम अर्ध्या मीटरचा. दक्षिणेला ग्री-ग्रीसारख्या ठिकाणी ही भिंत नाही, तर तिथे आपण मुलांना पाण्यात पाऊल टाकू देत नाही. जर्मनीच्या किनाऱ्यापुढे अशी भिंत कुठेच नाही. शिवाय तिथे समुद्र एक नसून दोन आहेत आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे. तेव्हा 'कोणत्या गावी जायचे' याआधी 'कोणत्या समुद्रावर जायचे' हे ठरवायला हवे.

पश्चिमेकडचा तो उत्तर समुद्र. पाट्यांवर आणि तिकिटांवर त्याचे नाव 'नॉर्डझे' असे दिसेल. पूर्वेकडचा बाल्टिक, त्याला जर्मन लोक 'ओस्टझे' म्हणतात. हांबुर्ग शहर दोघांच्या मध्ये आहे, तिथून दोन्हीकडे आगगाडीने सकाळी निघून दुपारच्या आत पोहोचता येते. आपले नातेवाईक म्युनिक किंवा श्टुटगार्टकडे राहत असतील तर मात्र समुद्र देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. म्युनिकहून हांबुर्गलाच जलद गाडीने सहा तास लागतात. लहान मुलांना घेऊन शनिवारी जाऊन रविवारी परत येण्याजोगी ही सहल नव्हे.

उत्तर समुद्राची गंमत आणि धोका एकाच गोष्टीत आहे. कुक्सहाफेन, ब्यूसुम या गावांच्या आसपास भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात तीन मीटर किंवा त्याहून जास्त अंतर पडते. किनारा इतका सपाट, की ओहोटीला समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरतो आणि मागे उरते चिखलवाळूचे अफाट मैदान. या मैदानाला 'वाट' म्हणतात. मराठी कानाला ऐकून हसू येईल, पण ही वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. २००९ साली युनेस्कोने या भागाचा जागतिक वारशात समावेश केला. वाळूतले किडे, शिंपले, खेकडे, सील आणि ऋतूप्रमाणे येणारे लाखो पक्षी, असे हे निसर्गाचे उघडे पुस्तक आहे. मुलांना घेऊन जावे असेच हे ठिकाण आहे, पण घड्याळ पाहून.

धोका कसा येतो तो समजून घ्या. आपल्या मनात चित्र असते की पाणी समोरून येईल, आपण पाहू आणि मागे फिरू. पण या मैदानात ओढ्यांसारखे खोल चर असतात. भरती सुरू झाली की आधी ते चर भरतात आणि पुष्कळदा ते चालणाऱ्याच्या पाठीमागे, म्हणजे त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे असतात. समोर कोरडे दिसत असताना मागची परतीची वाट बंद झालेली असते. त्यात धुके उतरले तर किनारा कोणत्या दिशेला आहे हेही कळत नाही. कुक्सहाफेनहून नॉयवेर्क बेटाकडे जाणारी सुमारे दहा किलोमीटरची पायवाट आहे. तिच्या कडेला उंच खांबांवर पिंजऱ्यासारखी मचाणे उभारली आहेत. पाण्यात सापडलेल्याने त्यावर चढून सुटकेची वाट पाहायची. अशी मचाणे लोक शोभेसाठी उभारीत नाहीत. म्हणून नियम एकच: अधिकृत वाटाड्याशिवाय किनाऱ्यापासून लांब जायचे नाही. लहान मुलांसाठी तास-दीड तासाच्या छोट्या फेऱ्या असतात, त्या पुरेत. शिंपल्यांची धार पायाला लागते, तेव्हा जुने मोजे किंवा जुने कापडी बूट सोबत ठेवावेत.

दुसरी गोष्ट, ओहोटीला तिथे पोहायला पाणीच नसते. पुष्कळ किनाऱ्यांवर पोहण्याची वेळ भरतीच्या आसपासची ठरलेली असते आणि ती फळ्यावर लिहितात. काही बेटांच्या बोटीही भरती पाहून सुटतात. युइस्ट या मोटारी नसलेल्या बेटाची बोट आज सकाळी असेल तर काही दिवसांनी दुपारी असेल. तेव्हा राहण्याची खोली, बोट आणि आगगाडी यांची तिकिटे काढण्यापूर्वी त्या आठवड्याचे भरतीचे वेळापत्रक हाती हवे. ते बंदरावर, पर्यटक कचेरीत, मुक्कामाच्या ठिकाणी, सगळीकडे मिळते.

इथे आम्हाला आपल्या जुन्या माणसांची आठवण होते. रत्नागिरीच्या बाजूने जे लोक मॉरिशसला आले, त्यांच्या गावचा समुद्र दोन-अडीच मीटर चढत-उतरत असे. त्यांना वेळापत्रक लागत नव्हते. तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढण्याचा हिशोब कोकणात घरोघर माहीत होता. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ते 'उधाण' म्हणत आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला 'भांग'. इथल्या शांत पाण्याने हे शब्द आपल्या तोंडून काढून घेतले, कारण त्यांचे काम उरले नाही. जर्मनीत त्यांचे काम पुन्हा पडते. कोकणातला हिशोब तिथे जसाच्या तसा लागू होणार नाही, कारण प्रत्येक बंदराची वेळ निराळी. पण त्यामागचे तत्त्व तेच: भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते आणि अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वांत जास्त चढते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे गणित सहज करता येते. त्याने स्वतः केलेला हिशोब तो आईबापांच्या दटावणीपेक्षा जास्त मानतो.

मुले सहा वर्षांच्या आतली असतील तर आमचा कौल बाल्टिकला. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाणी दिवसभर जागेवर असते. ट्राफेम्युंडे, वार्नेम्युंडे, र्‍यूगेन बेटावरचे बिंझ या गावांना रुंद वाळू आहे. पाणी आपल्यापेक्षा बरेच कमी खारट, म्हणून तरंगायला किंचित जास्त हातपाय मारावे लागतात. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर फुगवलेली खेळणी पाहता पाहता आत ओढली जातात. ती घेऊन पाण्यात उतरू देऊ नये. उझेडोम बेटावर आणखी एक काळजी. मुले तिथे अंबर गोळा करतात, पण दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबमधला फॉस्फरस अजूनही किनाऱ्याला लागतो आणि तो हुबेहूब अंबरासारखा दिसतो. वाळला की तो आपोआप पेट घेतो. सापडलेला खडा खिशात कधीही घालू नये, पत्र्याच्या डब्यात ठेवावा. आणि हो, काही ठिकाणी 'एफ-का-का' अशी पाटी दिसेल. तिचा अर्थ पुढे लोक वस्त्रांवाचून स्नान करतात. तिथे हा जुना परिपाठ आहे. आपल्याला अवघड वाटेल तर पाटी पाहून दुसरीकडे वळावे.

दोन्ही समुद्र आपल्या मानाने थंडच. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी १७ ते २० अंशांच्या घरात असते. आपल्याकडे ऐन हिवाळ्यातही ते २२-२३ असते. त्याहून त्रास वाऱ्याचा. त्यावर जर्मनांनी शोधलेला उपाय म्हणजे 'श्ट्रांडकोर्ब', वेताने विणलेली, छत असलेली दोघांची बैठक. १८८२ साली रोस्टॉकच्या विल्हेल्म बार्टेलमान या वेतकाम करणाऱ्याने संधिवाताने त्रस्त असलेल्या एका बाईंसाठी ती प्रथम बनविली. आज ती दिवसाच्या भाड्याने मिळते. लहान मूल झोपवायला याहून चांगली जागा किनाऱ्यावर नाही.

खर्चाचे सांगायचे तर बहुतेक गावांत पाहुण्यांकडून दर दिवशी 'कुअरटाक्स' घेतात. लहान मुलांना तो बहुधा माफ किंवा कमी असतो. स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड भाड्याने घेतले तर श्रावण पाळणाऱ्यांची सोय होते. मात्र चादरी, टॉवेल आणि शेवटची साफसफाई यांचे पैसे वेगळे आहेत का, ते आधी विचारावे. आपली हिवाळी सुट्टी आणि जर्मनीतल्या शाळांची उन्हाळी सुट्टी एकाच वेळी पडते. तिथल्या सोळा राज्यांच्या सुट्ट्या मुद्दाम मागेपुढे ठेवलेल्या असल्या तरी ऑगस्टमध्ये किनारा भरलेलाच असतो. तेव्हा खोली कित्येक महिने आधी धरावी आणि परतीची तारीख गणपती पाहून ठरवावी. जुलैत उत्तरेकडे रात्री साडेनऊ वाजून गेले तरी उजेड असतो. जाड पडदे आहेत ना, हेही विचारायला विसरू नये, नाहीतर मुले झोपायची नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचे. १९१२ साली बिंझ येथे समुद्रात बांधलेला धक्का कोसळला आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. पोहता येणारे आणि बुडत्याला वाचवू शकणारे लोक किती थोडे आहेत हे तेव्हा साऱ्या देशाला कळले आणि पुढच्याच वर्षी तिथली जीवरक्षक संघटना स्थापन झाली. आज किनाऱ्यावर दिसणारे बहुतेक पहारेकरी तिचेच स्वयंसेवक. लाल-पिवळा झेंडा असेल तर पहारा चालू आहे. त्याच्या जोडीला नुसता पिवळा असेल तर मुलांनी आणि कच्च्या पोहणाऱ्यांनी उतरू नये. लाल असेल तर कोणीच नाही. तिथे 'समुद्रघोडा' नावाचे मुलांचे पहिले पदक आहे: काठावरून उडी, २५ मीटर पोहणे आणि खांद्याइतक्या पाण्यातून एक वस्तू वर आणणे. एवढे करूनही त्या मुलाला ते 'पोहता येते' असे समजत नाहीत. त्यासाठी पुढची परीक्षा आहे. आपल्याकडे मात्र पाण्यात न घाबरणाऱ्या मुलाला आपण पोहणारे मूल म्हणतो. बेटावरच्या मुलाचे हे न घाबरणेच परक्या समुद्रावर त्याला महाग पडू शकते.

म्हणून निघण्यापूर्वीच्या आठवड्यात मुलांना जवळ घेऊन बसावे. नकाशावर दोन समुद्र दाखवावेत, तीन झेंडे रंगवून घ्यावेत, कालनिर्णयात अमावास्या-पौर्णिमा पाहून भरती कधी मोठी असेल ते विचारावे. आजी घरात असेल तर उधाण आणि भांग हे शब्द तिच्याकडून ऐकवावेत. सामानात त्यांचे वजन होत नाही.