झाकण मागे करताना

धुळ्यात गल्ली नंबर सहामध्ये ताईच्या घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते, आणि भाचा ताटावर बसायला तयार नव्हता. त्याचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. पुण्याच्या एका कंपनीची पहिली फेरी रविवारी, म्हणजे तीन दिवसांवर. परीक्षा घरूनच द्यायची, पण लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात चेहरा दिसल्याशिवाय प्रश्नपत्रिका उघडत नाही. कॅमेरा आदल्या दिवसापासून बंद होता.

ताई घरात अहिराणीच बोलते. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "भाऊ, हाऊ लॅपटॉप कितला दिन पासून आपोआप वाजस. झाकन मांगे करं का टुंग, पुढे करं का टिंग." मी हो हो म्हटलं आणि लॅपटॉप पुढ्यात ओढला.

सगळ्यात आधी काच पाहिली. पडद्याच्या वरच्या कडेला, मधोमध, तिळाएवढी काळी लेन्स असते. काही लॅपटॉपांना तिथं सरकवायची बारीक पट्टी असते. ती चुकून सरकलेली असली की चित्र काळं येतं. या लॅपटॉपला पट्टी नव्हती, पण लेन्सभोवती डिंकाचं वर्तुळ होतं. ताईनं कधीतरी तिथं टिकली लावली होती. कोणी बघत असेल तर, म्हणून. त्यात हसण्यासारखं काही नाही. २०१६ साली फेसबुकच्या संस्थापकाचा एक फोटो जगभर फिरला होता, त्यात मागच्या टेबलावरच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलेली दिसत होती. ताईची टिकली तेच काम करत होती, आणि ती बरीच पातळ होती. बाजारात मिळणारी जाड प्लास्टिकची झाकणं लावून लॅपटॉप मिटला तर पडद्याला तडा जाऊ शकतो. अ‍ॅपलनं २०२० मध्ये आपल्या ग्राहकांना तसं कळवलंही होतं. डिंक ओल्या फडक्यानं पुसून काढला. त्यानं काही फरक पडणार नव्हता हे मला माहीत होतं, कारण लेन्स झाकलेली असली तर चित्र काळं किंवा धूसर येतं. इथं चित्राचा प्रश्नच नव्हता. कॅमेऱ्याचं अ‍ॅप सांगत होतं की या संगणकाला कॅमेरा जोडलेलाच नाही.

हा फरक फार मोलाचा आहे. लोक 'कॅमेरा चालत नाही' एवढंच सांगतात, पण त्या एका वाक्यात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. कॅमेरा चालू होतो, पण अंधार दिसतो. कॅमेरा आहे, पण एखाद्या अ‍ॅपला तो वापरायची परवानगी नाही. किंवा कॅमेरा असा काही भाग आपल्याला आहे हे खुद्द संगणकालाच माहीत नाही. पहिल्या दोन गोष्टी घरी बसून सुटतात.

त्या रात्री मी त्याच घरगुती उपायांत अडकलो. वरच्या बटणांच्या रांगेत काही लॅपटॉपांना कॅमेऱ्यावर काट मारलेलं चिन्ह असतं. ते बटण दाबलं गेलं की काही मॉडेलांत कॅमेरा यादीतूनच गायब होतो. दाबून पाहिलं. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली कॅमेऱ्याचे एकापेक्षा जास्त स्विच असतात. एक सगळ्या लॅपटॉपसाठी, एक अ‍ॅपसाठी आणि खाली एक जुन्या पद्धतीच्या डेस्कटॉप अ‍ॅपसाठी. हा शेवटचा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. सगळे चालूच होते. मग डिव्हाइस मॅनेजर उघडला. यादीत 'कॅमेराज' हे शीर्षकच नव्हतं. लपलेली उपकरणं दाखव म्हटल्यावर ते फिकट अक्षरांत उगवलं. त्यावर क्लिक केल्यावर कोड ४५ दिसला. त्याचा अर्थ, हे उपकरण पूर्वी कधीतरी जोडलेलं होतं, आत्ता नाही.

इथं थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी दोन तास ड्रायव्हर शोधण्यात घालवले. लॅपटॉपमधला कॅमेरा आतल्या आत साध्या यूएसबीनंच जोडलेला असतो. २००३ मध्ये अशा कॅमेऱ्यांसाठी एक सामाईक पद्धत ठरली आणि त्यामुळे बहुतेक कॅमेऱ्यांना विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो. जे उपकरण जोडलेलंच नाही त्याला ड्रायव्हर देऊन उपयोग काय? पण रात्री अकरा वाजता, समोर भाच्याचा उतरलेला चेहरा असताना, काहीतरी करत राहणं सोपं वाटतं. बायोसमध्ये जाऊन पाहिलं, तिथं कॅमेरा चालू होता. शेवटी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. पुन्हा सुरू केला आणि कॅमेरा आला! पडद्यावर मी, मागे ताईचं देवघर. भाचा आनंदानं खुर्ची ओढून बसला, झाकण आपल्या सोयीनं मागे केलं आणि कॅमेरा गेला. बटणाचा उपाय मी आणखी चार वेळा केला. कॅमेरा परत आला नाही.

सकाळच्या एसटीनं लॅपटॉप मांडीवर घेऊन जळगावला निघालो. पारोळा, एरंडोल करत नव्वद किलोमीटर. मे महिना होता, खिडकीतून येणारी हवा चुलीसमोर बसल्यासारखी. कपड्याच्या पिशवीत गुंडाळूनही लॅपटॉप तापला होता.

गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल आणि कॉम्प्युटरची इतकी दुकानं आहेत की नवखा माणूस गोंधळून जातो. माझ्या ओळखीच्या दुरुस्ती करणाऱ्या भाऊंचा गाळा आतल्या बाजूला आहे. दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. टेबलावर हिरवी रबरी मॅट, मल्टीमीटर, साफसफाईच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, जुना टूथब्रश, पडद्याची चौकट उचकटायच्या प्लास्टिकच्या त्रिकोणी चकत्या, आणि सराफ डोळ्याला लावतात तसं भिंग. सोन्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात ते भिंग कुठून आलं हे विचारायची गरज पडली नाही.

मी रात्रीची सगळी हकिगत क्रमानं सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली. लॅपटॉप सुरू केला, आणि त्यांचं बोट पहिल्यांदा गेलं ते आवाजाच्या बटणावर. भाच्यानं अभ्यासासाठी आवाज म्यूट करून ठेवला होता. भाऊंनी तो पूर्ण वाढवला. मग विचारलं, "काका, घरी कधी टिंग-टुंग असा आवाज यायचा का? पेनड्राइव्ह लावल्यासारखा?"

ताईचं भाकरी थापतानाचं वाक्य मला शब्दाशब्दानं आठवलं.

त्यांनी डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवला आणि झाकण दोन्ही हातांनी धरून, दही लावलेलं भांडं उचलावं इतक्या हळू मागे नेऊ लागले. झाकण जेमतेम अर्धं उघडलेलं असताना यादी थरथरली, चढता आवाज आला, टिंग, आणि 'कॅमेराज' हा शब्द उगवला. आणखी थोडं मागे. उतरता आवाज, टुंग. शब्द गेला. पुढे, टिंग. मागे, टुंग. विंडोज प्रत्येक वेळी सांगत होतं की यूएसबीवर काहीतरी जोडलं गेलं, काहीतरी सुटलं. बाहेर काहीच लावलेलं नव्हतं. म्हणजे आतलंच काहीतरी सुटत होतं. रात्री पॉवरचं बटण दाबून धरताना मी झाकण पुढे ओढलं होतं. कॅमेरा आला तो त्यामुळे. बटणाचा त्यात काही संबंध नव्हता.

तरी भाऊ लगेच पेचकस उचलत नाहीत. मला त्यांच्या कामातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. त्यांनी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. तिथंही कॅमेरा झाकणाच्या हालचालीबरोबर येत-जात होता, म्हणजे विंडोज निर्दोष. मग ड्रॉवरमधला बाहेरून लावायचा वेबकॅम जोडला, तो लगेच चालला. "परीक्षेपुरता हा घेऊन जा," ते म्हणाले, "दुरुस्ती नंतर निवांत करू." गिऱ्हाईक हातचं जाईल अशा वेळी स्वस्तातला मार्ग आधी सांगणारा माणूस. पण भाच्याच्या पुढे आणखी फेऱ्या होत्या, आणि झाकणाला काय झालंय ते मलाही पाहायचं होतं.

चार्जर काढला. खालच्या बाजूचे स्क्रू काढले. त्यांच्या भाषेत हे डी पॅनल. पडद्यामागचं झाकण ए, पडद्याभोवतीची चौकट बी, कीबोर्डची बाजू सी. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढलेला, आणि प्रत्येक स्क्रू निघाला त्या जागी कागदावर ठेवलेला, कारण लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या पृष्ठभागावर फोड उमटतो. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं. मग त्रिकोणी चकती बी पॅनलच्या फटीत घालून कड-कड-कड करत चौकट सुटी केली. उन्हाळ्यानं आतली दुहेरी चिकटपट्टी पाघळून तारा धरत होती. तो डिंक त्यांनी ब्रशनं साफ केला.

कॅमेरा म्हणून मी जे इतके तास शोधत होतो ते एका बोटापेक्षा थोडं लांब, अर्धा सेंटीमीटर रुंदीचं हिरवं सर्किट निघालं. मधे लेन्स, शेजारी बारीक दिवा, दोन टोकांना दोन माइक. यातून १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचं चित्र सेकंदाला तीस वेळा बाहेर पडतं. तो सगळा ऐवज जसाच्या तसा पाठवायचा तर यूएसबी २च्या तारेला झेपत नाही, म्हणून ही पट्टी प्रत्येक चित्र आधी दाबून लहान करते आणि मग खाली पाठवते. वीज आणायला दोन आणि चित्र न्यायला दोन, अशा चार केसासारख्या तारा. त्या पडद्याच्या केबलबरोबर एकाच जुडग्यात बिजागरीतून खाली मदरबोर्डकडे जातात.

आता दोष पट्टीत की तारांत? भाऊंकडे यासाठी स्वतः तयार केलेली वायर आहे. एका जुन्या यूएसबी केबलचं टोक कापून चार तारा मोकळ्या केलेल्या, आणि विजेच्या तारेत दोन डायोड ओवलेले. यूएसबी पाच व्होल्ट देतं, अशा पुष्कळ पट्ट्यांना साडेतीनच्या आसपासच हवं असतं, आणि प्रत्येक डायोड सुमारे ०.७ व्होल्ट खातो. भिंग लावून त्यांनी ती चार टोकं पट्टीच्या कनेक्टरला टेकवली, दुसरं टोक दुकानातल्या कॉम्प्युटरला. पडद्यावर छतावरचा पंखा फिरताना दिसला. पट्टी ठणठणीत होती. नवी पट्टी बसवून पैसे घेणं फार सोपं होतं, आणि त्यानं काही दिवसांनी कॅमेरा पुन्हा गेलाच असता.

मग मल्टीमीटर बीपवर लावून एकेक तार दोन टोकांना तपासली. पहिल्या तीन तारा सलग बीप देत होत्या. चौथीही देत होती, बिजागरीजवळ वाकवेपर्यंत. वाकवली की आवाज तुटायचा, सरळ केली की यायचा. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. चित्र नेणाऱ्या दोन तारांपैकी ही एक. पडद्याच्या तारा शाबूत होत्या, म्हणून इतके दिवस पडदा स्वच्छ दिसत होता आणि कोणालाच संशय आला नाही.

मला वाटलं, सापडलं. भाऊंना तसं वाटत नव्हतं. तार तिथंच का तुटली? त्यांनी बिजागरी हलवली. फार कडक होती. झाकणात बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी बुशीत बसतात त्यातली एक प्लास्टिकमधून उपटून आली होती, त्यामुळे झाकण उघडताना बिजागरी दर वेळी किंचित उचलली जाऊन केबल चेपत होती. कोणीतरी रोज एका कोपऱ्याला धरून झाकण उघडत असणार. "नुसती केबल टाकली तर सहा महिन्यांत तुम्ही परत याल," ते म्हणाले. केबलच्या पांढऱ्या चिठ्ठीवरचा नंबर त्यांनी दोन दुकानांत फोन करून सांगितला. तीस पिनची की चाळीस, टचची की बिनटचची, हे जुळलं नाही तर ती बसतच नाही. सुदैवानं मार्केटमध्येच मिळाली, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावी लागली असती आणि रविवार हुकला असता. बिजागरीचा नट पाव आटा सैल केला. बुश जागेवर बसवून एपॉक्सी भरलं. ते सुकायला रात्र जाणार होती.

त्या रात्री घरी मला चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस आठवत राहिले. १९१२ ते १९८९. आयुष्याचा बराच काळ त्यांनी स्वतःच्या घरात कोंडून घेऊन काढला, आणि एका टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, प्रकाश टाकून, खरेखुरे देखावे वाटतील असे फोटो काढले. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. चाळीसगावचं त्यांचं कलादालन पाहिलेल्या माणसाला टेबल ही केवढी मोठी जागा असू शकते ते कळतं. गाळ्यातल्या हिरव्या मॅटपाशी बसून मला तसंच वाटलं होतं.

शनिवारी दुपारी भाऊंनी जोडलेला लॅपटॉप माझ्यासमोर वीसेक वेळा उघडला-मिटला, आवाज पूर्ण ठेवून. संध्याकाळी मी धुळ्यात. भाच्यानं परीक्षेची चाचणी खिडकी उघडली, चौकटीत त्याचा चेहरा आला, हिरवी खूण झाली. मी त्याला झाकण मधोमध धरून उघडायला दाखवलं.

ताईनं पदराला हात पुसले आणि त्याला बाजूला व्हायला सांगितलं. झाकण मधोमध धरून मागे केलं. पुढे केलं. पुन्हा अगदी मागे, कान कीबोर्डपाशी नेऊन.

"आते वाजस नही," ती म्हणाली, आणि ताटं घ्यायला उठली.