भागभांडवल विकले, हक्कही गेले!

आरक्षण वाचवा म्हणून आम्ही मोर्चे काढतो, निवेदने देतो. कलम १५ आणि १६ कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात. पण त्यांच्या आधीचे कलम १२ फारसे कोणी उघडून पाहत नाही आणि आमचा घात नेमका तेथेच होत आहे.

मूलभूत हक्क बहुतांशी ‘राज्या’विरुद्ध मागता येतात. मग राज्य म्हणजे कोण? केंद्र आणि राज्य सरकारे, संसद, विधिमंडळे, स्थानिक संस्था आणि ‘इतर’ प्राधिकरणे, असे कलम १२ सांगते. मसुद्यात हेच कलम ७ होते. २५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यावर शंका घेण्यात आल्या, तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला, की ज्याच्या हाती कायदा करण्याचा किंवा स्वतःच्या मर्जीने निर्णय घेण्याचा अधिकार आहे, अशा प्रत्येक सत्तेवर हे हक्क बंधनकारक असले पाहिजेत. ही यादी त्यांनी थेट ग्रामपंचायतीपर्यंत नेली. का नेली, हे गावकुसाबाहेर राहिलेल्यांना समजावून सांगायला नको!

पुढे ‘इतर’ या एका शब्दावर न्यायालयांनी पन्नास वर्षे खल केला. १९५४ साली मद्रास उच्च न्यायालयाने विद्यापीठालाही राज्य मानले नाही. १९६७ मध्ये राजस्थानचे वीज मंडळ राज्य ठरले, १९७५ मध्ये आयुर्विमा महामंडळ. १९७९ मध्ये मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेचा खटला आला आणि न्या. भगवती यांनी साधे प्रश्न विचारले : पैसा कोणाचा, नियंत्रण कोणाचे, काम कोणाचे? संस्था सरकारचा हस्तक असेल तर ती राज्यच. क्रिकेट मंडळ मात्र २००५ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी यातून सुटले. देशाच्या नावाने संघ उतरवायचा आणि हक्कांची गोष्ट निघाली की आम्ही खासगी!

पण या कसोटीचा पाया सरकारची मालकी आणि सरकारचे नियंत्रण हाच आहे. मालकीच विकली तर?

२००१ मध्ये बाल्कोचे ५१ टक्के भाग ५५१ कोटी ५० लाखांना विकले गेले. कलम १४ आणि १६ चे संरक्षण जाईल, असे कामगारांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले. निर्गुंतवणूक हे सरकारचे धोरण आहे, कंपनी कायम सरकारीच राहावी असा हक्क कामगारांना नाही, असे उत्तर मिळाले. एअर इंडियाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०११ ते २०१३ या काळात तिच्या कर्मचाऱ्यांनी वेतन आणि पदोन्नतीसाठी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केल्या. त्या दिवशी कंपनी ‘राज्य’ होती. याचिका पडून राहिल्या. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली, सप्टेंबरमध्ये याचिका निकाली निघाल्या : आता ही कंपनी राज्य नाही, दुसरीकडे दाद मागा. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. विलंब कर्मचाऱ्यांचा नव्हता, भुर्दंड मात्र त्यांनाच.

खासगी मालकापुढे आम्ही अगदीच निःशस्त्र आहोत असे नाही. अस्पृश्यता बंदीच्या कलम १७ मध्ये ‘राज्य’ हा शब्दच नाही. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांविषयीचे कलम १५(२) आणि वेठबिगारीविरुद्धचे कलम २३ खासगी माणसालाही बांधतात. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात कंत्राटदाराने किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे ही वेठबिगारीच ठरली. पण नोकरीतले आरक्षण देणारे कलम १६(४) फक्त राज्याच्या सेवेपुरते आहे. आम्ही भरती झालो ते कारखाने, बँका, मंडळे विकली गेली, की ते कलम पुस्तकात राहते आणि जागा जातात. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योगांची मालकी राज्याकडेच असावी आणि ते घटनेतच लिहावे, असे सुचवले होते, त्यामागे हीच भीती होती.

खासगी महाविद्यालयांवर आरक्षण लादता येणार नाही, असा निकाल ऑगस्ट २००५ मध्ये लागला, तेव्हा संसदेने काही महिन्यांत ९३ वी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणले. शिक्षणासाठी जे झाले ते नोकऱ्यांसाठी का होत नाही, हे राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेल्या आमच्या खासदारांना त्यांच्या दारात जाऊन विचारावे लागेल.