शाळा आणि उपचार यांची सांगड

एखादे मूल वेळेवर मान धरीत नाही, बसत नाही, बोलत नाही, असे दिसले की घराला काळजीचा घोर लागतो. आधी अंगारे-धुपारे होतात, नवस बोलले जातात. मग कोणी जाणता सांगतो, "अगं, मिरजेला दाखव." मिरज हे आपल्या भागातले वैद्यकीचे जुने ठाणे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनचे काम सुरू केले आणि १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आले. डॉक्टर मूल तपासतात आणि सांगतात, "व्यायाम सुरू करा, दर आठवड्याला आणा." सल्ला बरोबरच असतो. पण जत-आटपाडीकडच्या मजूर बाईने दर आठवड्याला रोजगार बुडवून, एस.टी. बदलून, सात वर्षांचे मूल कडेवर घेऊन यायचे तरी कसे? चार-सहा खेपा होतात, मग त्या थांबतात आणि मूल घरी पडून राहते.

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, यावर काही तोड आहे का, याचा विचार आज आपण करू.

आधी एक साधा हिशेब मांडा. आठवड्याचे तास १६८. त्यातला फार तर एक तास मूल उपचार करणाऱ्यासमोर असते. शाळेत ते पंचवीस-तीस तास असते आणि बाकीचा वेळ घरी. आता त्या एका तासात पाय सरळ ठेवून बसायला शिकवले आणि उरलेले १६७ तास मूल वाकडेतिकडे पडून राहिले, तर गुण येणार कुठून? म्हणून उपचार शाळेच्या दिवसात मिसळले पाहिजेत.

आपल्याकडे पुष्कळ मुलांमध्ये दिसणारा प्रकार म्हणजे सेरेब्रल पाल्सी. वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच इजा झालेली असते. मूल फार अपुऱ्या दिवसांचे असणे, त्याला प्राणवायू कमी पडणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, अशी त्याची काही कारणे. हा कुणाचा शाप नव्हे, आणि आईचा दोष तर मुळीच नव्हे. मेंदूची ही इजा पुढे वाढत नाही. मात्र नीट बसवले-उठवले नाही तर स्नायू आखडतात, सांधे वाकडे होतात. दुसरेही ध्यानात ठेवावे, की हातपाय साथ देत नाहीत म्हणून बुद्धी मंद असेलच असे नाही. बोलता न येणारे पोर सगळे समजत असू शकते.

अशा मुलाला अनेकांची मदत लागते. फिजिओथेरपिस्ट बसणे, उभे राहणे, चालणे पाहतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताची कामे शिकवतो: जेवणे, बटण लावणे, पेन्सिल धरणे. वाचोपचार करणारा बोलणे पाहतो, तसेच घास चावणे-गिळणेही पाहतो. विशेष शिक्षक अभ्यासाकडे पाहतो. हे सगळे आपापल्या खोलीत, आपापल्या वहीत काम करू लागले, तर मुलाची अवस्था चार गवंड्यांनी चार नकाशांवर बांधलेल्या घरासारखी होते. सांगड घालायची म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून, आईलाही शेजारी बसवून, मुलासाठी एकच काम ठरवायचे.

समजा, एका मुलीसाठी ठरले की तीन महिन्यांत तिने वर्गात आपल्या हाताने पाणी प्यायला शिकायचे. फिजिओथेरपिस्ट तिची खुर्ची पाहील: ढुंगण मागे टेकलेले, गुडघे काटकोनात, पावले पाटावर टेकलेली. अंग स्थिर झाल्याशिवाय हात मोकळा होत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट दोन कानांचा पेला निवडील. वाचोपचार करणारा लहान घोट, हनुवटी किंचित खाली, आणि 'पाणी' हा शब्द किंवा पेल्याच्या चित्रावर बोट ठेवणे शिकवील. बाई त्याच दिवशी फळ्यावर 'पाणी' लिहितील आणि पेले मोजायला लावतील. आई घरी तोच पेला, तीच बैठक ठेवील. काम एकच, पण त्यात व्यायाम आला, भाषा आली, गणितही आले. शिवाय तहान खरीच असते, म्हणून मूल मन लावून करते.

यामागे जाणकारांचा अनुभव आहे. लंडनमध्ये बर्टा बोबाथ आणि त्यांचे डॉक्टर पती कारेल बोबाथ यांनी अशा मुलांच्या उपचाराची एक पद्धत बसवली आणि ती जगभर गेली. चटईवर शिकलेले मूल आपोआप रोजच्या कामात वापरील, असे त्यांना आधी वाटे. पुढे त्यांनीच मान्य केले की तसे आपोआप होत नाही. जे जिथे लागते, ते तिथेच शिकवावे लागते.

आपल्या राज्यात मुंबईला डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली शिक्षण आणि उपचार एकाच छपराखाली आणणारी शाळा सुरू केली. त्यांची कन्या मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी होती. तिने पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. सगळीच मुले इतकी मजल मारतील असे नव्हे. पण दार आधीच लावून घेतले, तर कोण किती चालू शकले असते हे कधीच कळणार नाही.

आता गावच्या गुरुजींनी काय करावे? थेरपिस्ट रोज मिळणार नाही, हे खरेच. म्हणून तो भेटेल तेव्हा विचारून घ्यावे: याला कसे बसवू, कसे उचलू, काय टाळू? उत्तर एका वहीत लिहावे आणि ती वही दप्तरातून घरी जावी-यावी. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा चिंधी गुंडाळली की ती जाड होते, पकडता येते. कागद सरकू नये म्हणून कडा चिकटवाव्यात. उत्तराला घाई करू नये. मनात दहा मोजावेत.

काही गोष्टी मात्र करू नयेत. आखडलेला पाय जोराने ओढू नये. मुलाला आडवे ठेवून भरवू नये; घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. भाकरी आमटीत मऊ कुस्करून, बसवूनच द्यावी. फिट येत असेल तर औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. आणि उपचाराच्या नावाखाली मुलाला रोज गणिताच्या तासातून उठवू नये. ते मूल शाळेत आले आहे ते शिकायला.

हे सारे कुणाच्या मेहेरबानीवर नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ते जवळच्या शाळेत असो वा पसंतीच्या विशेष शाळेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत मुलांची तपासणी होते. त्या दिवशी अशा मुलाला घरी लपवू नका, पुढे आणा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि ठरलेल्या मर्यादेत थेरपीचा खर्चही येतो.

लहान वयात मेंदू नवे वळण लवकर घेतो, म्हणून वाट पाहत बसू नये. मूल मोठे होऊन गेले असेल तरी निराश होऊ नये. दहाव्या वर्षी स्वतः घास घेता आला तरी त्या घरातली एक माणसाची अडचण सुटते आणि मुलाची मान ताठ होते. मिरजेची खेप चुकवू नका, पण सगळा भार त्या एका खेपेवर टाकू नका. रोजची शाळा, रोजचे जेवण, रोजचा खेळ हाच खरा दवाखाना आहे, आणि त्याच्या किल्ल्या गुरुजींच्या आणि आईच्या हातात आहेत.