कामाची झाली, म्हणून आपली झाली

नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा लोटा चार-सहा महिन्यांत काळवंडतो. तो उजळवायला दुकानात नाना पुड्या मिळतात, पण घरातलं जुनं माणूस उठून फडताळातला चिंचेचा डबा काढतं. डब्याच्या तळाशी जुनी, काळीकुट्ट, आमटीतून बाद झालेली चिंच असते. तिचा बोळा भिजवायचा, चिमूटभर मीठ लावायचं आणि लोट्यावर फिरवायचा. काळ्याखालून गुलाबी तांबं वर येतं. बोळ्यात एखादा चिंचोका राहून गेलेला असतोच. तो बोटाला टोचतो, मग आपण तो खिडकीतल्या कुंडीत भिरकावून देतो.

ही किमया टार्टारिक आम्लाची. तांब्यावर चढलेला ऑक्साइडचा थर ते विरघळवून टाकतं. हेच आम्ल भांड्याच्या आत शिजलं की उलटं घडतं. कल्हई नसलेल्या पातेल्यात चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, म्हणजे तांबं अन्नात उतरतं. एकाच फळाने तांबटाला गिऱ्हाईक दिलं, कल्हईवाल्याला काम दिलं आणि गृहिणीला एक नियमही शिकवला.

बहुतेक फळं आंबट होतात ती सायट्रिक किंवा मॅलिक आम्लामुळे. टार्टारिक आम्लाचा भरपूर साठा करणारी फळं मोजकीच, आणि त्यांतली दोन नाशिककरांच्या नेहमीच्या ओळखीची: द्राक्ष आणि चिंच. द्राक्षाचे लाड साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहेत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, फवारण्या, मांडव आणि अवकाळीच्या धास्तीने जागवलेल्या रात्री. चिंच मात्र येवला, नांदगाव, सिन्नरकडच्या कोरड्या बांधांवर कुणी न विचारता उभी असते. द्राक्ष बाहेरून आलं हे आपण सहज मान्य करतो. चिंचही बाहेरची आहे असं म्हटलं तर समोरचा हसतो.

पण ती बाहेरचीच आहे. चिंचेचं मूळ घर आफ्रिकेचा उष्ण प्रदेश, असं बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तिथल्या गवताळ माळांवर ती आपोआप उगवते, पुष्कळदा वाळवीच्या वारुळांच्या आधाराने. सेनेगलची राजधानी डाकार हिचं नाव वोलोफ भाषेतल्या चिंचेच्या शब्दावरून पडलं, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. उत्तर नायजेरियातले हाउसा लोक तिला ‘त्सामिया’ म्हणतात आणि तिच्या पाण्यात धान्याची पेज करतात. आपल्याकडे ती कधी आली याची तारीख नाही. गंगेच्या खोऱ्यातल्या नरहनच्या उत्खननात मात्र चिंचेच्या लाकडाचा कोळसा मिळाला, आणि तो तीन हजार वर्षांहून जुना मानला जातो. चरकसंहितेने फळांच्या यादीत ‘अम्लिका’ गुणांसह नोंदवली आहे. पुढे अरब व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानच्या बंदरांतून तिचा सुकलेला गर नेला आणि त्याला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर, असं नाव ठेवलं. त्यावरूनच युरोपात ‘टॅमरिंड’ झालं. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली तिथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात चिंचेला स्वतंत्र प्रकरण दिलं. १७५३ मध्ये लिनियसने तिचं शास्त्रीय नाव ‘टॅमरिंडस इंडिका’ ठेवलं. आफ्रिकेच्या लेकीच्या कागदपत्रांवर सासरचं नाव पक्कं झालं.

आफ्रिकेहून आलेलं आणखी एक झाड आपल्याकडे चिंच म्हणवून घेतं: गोरखचिंच. हत्तीच्या पायासारखा प्रचंड बुंधा, हाताच्या पंज्यासारखी पानं, कठीण कवचाच्या आत कोरडा, पिठूळ, आंबट गर. ज्या नाथपंथाचा धागा त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीत निवृत्तिनाथांपर्यंत पोचतो, त्या पंथाच्या गोरक्षनाथांचं नाव या झाडाला मिळालं. कोकणात तिचा गर ताकातून अतिसारावर देत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या औषधी ग्रंथांत आहे. सेनेगलपासून सुदानपर्यंत तिच्या गराचं सरबत आणि पानांची भाजी रोजच्या खाण्यात आहे. आपल्याकडे मात्र गोरखचिंच किल्ल्यात, दर्ग्यापाशी, जुन्या आवारात उभी राहिली आणि लोक तिचा घेर मोजत राहिले. संताचं नाव मिळूनही तिला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडता आला नाही. नुसती चिंच कुणाचं नाव न घेता थेट फोडणीपर्यंत पोचली.

घाटाखाली आमसूल, घाटावर चिंच, अशी महाराष्ट्राच्या आंबटपणाची ढोबळ वाटणी आहे. आमटीत चिंच-गूळ, अळूच्या फदफद्यात चिंच, पंचामृतात चिंच, कारल्याचा कडूपणा मोडायला चिंच, भेळेवर चिंचेची चटणी. झाडावर ती किती तऱ्हांनी खाल्ली जाते याचा हिशेब शाळेतल्या पोरांकडे मागावा. कोवळा पाला, पिवळ्या पाकळ्यांवर लाल रेषा असलेला फुलोरा, हिरवी करकरीत शेंग आणि मग गाभुळलेली चिंच, म्हणजे टरफल सुटू लागलेली पण गर पुरता न पिकलेली. या एका अवस्थेसाठी मराठीने वेगळं क्रियापद घडवलं. एखाद्या वस्तूवर समाजाचं किती लक्ष आहे ते अशा शब्दांत दिसतं. पिकताना आंब्याची आंबटाई ओसरते, चिंचेची नाही. तिच्यात साखर चढत जाते आणि आम्लही जागच्या जागी राहतं. म्हणून पिकली चिंच एकाच वेळी गोडही असते आणि दात आंबवणारीही.

औषध म्हणून तिची कीर्ती फोडणीइतकीच जुनी. गर सौम्य रेचक आहे. ब्रिटिश औषधकोशातल्या सोनामुखीच्या अवलेहात चिंच असे. वैशाखात ऊन बाधू नये म्हणून चिंचेचं सार किंवा गूळ-मीठ घातलेलं पाणी देतात. पाय मुरगळला तर कोळात मीठ-हळद घालून गरम लेप लावतात. झाडाची राख करून काढलेला चिंचाक्षार आयुर्वेदातल्या शंखवटीत पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २००२ मध्ये शाळकरी मुलांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. चिंच खाल्ल्याने लघवीवाटे फ्लोराइड जास्त बाहेर पडतं, असं त्यात दिसलं. विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असलेल्या गावांना ही गोष्ट कामाची वाटावी, मात्र एका लहान अभ्यासावर चिंचेला उपचार ठरवणं घाईचं होईल.

गराइतकीच मोठी कहाणी चिंचोक्याची आहे. शंभर किलो शेंगांतून साधारण ५५ किलो गर निघतो, ३४ किलो चिंचोके आणि उरलेलं टरफल व शिरा. म्हणजे एक तृतीयांश माल टाकायचा, असं कुणालाही वाटेल. आपल्या लोकांनी काहीच टाकलं नाही. चिंचोके भाजून खाल्ले. एका बाजूने दगडावर घासून, पांढरे करून ते सारीपाटावर फाशांसारखे टाकले. कुटून, शिजवून त्यांची खळ केली. धनगरांची घोंगडी मागावरून उतरली की तिला चिंचोक्याची खळ कुंच्याने लावतात. त्याने लोकर बसते, घोंगडी कडक होते आणि पावसाचं पाणी चटकन आत शिरत नाही. सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यांना रंगाआधी जो थर देतात त्यातही चिंचोक्याची पेस्ट असते.

मग कारखान्यांनी ही खळ उचलली. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ द्यावी लागते, तिला सायझिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या सुमारास, कापड गिरण्यांत स्टार्चऐवजी चिंचोक्याची पूड वापरात आली. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतलं संशोधन त्यामागे होतं. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. तिथल्या खडखडाटात उभं राहिलं की घोंगडीवरचा कुंचा आणि गिरणीतलं सायझिंग ही एकाच युक्तीची दोन वयं आहेत हे लक्षात येतं. आज हीच पूड कापडाच्या छपाईत रंग दाट करायला लागते, आणि चिंचोक्यातलं शुद्ध केलेलं पॉलिसॅकराइड कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांत असतं.

एवढ्या कामाच्या झाडाचं वर्ष मात्र शांत असतं. मे-जूनमध्ये फुलोरा, पावसाळ्यात हिरव्या शेंगा, फेब्रुवारी ते एप्रिल पिकलेली चिंच. एका वर्षी झाड लगडलं की पुढच्या वर्षी बहुधा हात आखडतं. मालक स्वतः क्वचितच चढतो. व्यापारी अंदाज बांधून झाड उक्तं घेतो. वर चढलेला गडी लांब काठीने झोडपतो, खाली बायका शेंगा गोळा करतात. नंतरचं काम सावलीतलं, पण कंबर मोडणारं. टरफल फोडायचं, शिरा ओढायच्या, गर चिरून चिंचोके बाहेर काढायचे, आणि मजुरी किलोवर. बोटं आम्लाने चिरतात, नखं काळी होतात. लातूर, बार्शी, अहिल्यानगरच्या बाजारात आखी चिंच वेगळ्या भावाने जाते आणि फोडलेली वेगळ्या. या दोन भावांमधल्या फरकात त्या बायकांचा उन्हाळा असतो.

लावायची म्हटली तर चिंच अवघड नाही. चिंचोका रात्रभर भिजवून पेरला की आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. खडकाळ, हलकी, मुरमाड जमीन तिला चालते. सिन्नर-चांदवडकडचं तुटपुंजं पाऊसमानही चालतं. तिला नकोसं एकच, मुळाशी साचलेलं पाणी. बियांच्या झाडाला शेंग धरायला सात-आठ वर्षं किंवा जास्तच लागतात आणि शेंग आईसारखी येईल याची खात्री नसते. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळतं. छत्रपती संभाजीनगरच्या फळ संशोधन केंद्राने निवडलेलं ‘प्रतिष्ठान’ हे वाण आणि लाल गराचं ‘योगेश्वरी’ ही नावं रोपवाटिकांत ऐकू येतात. दोन झाडांत दहा मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी शंभर झाडं. पूर्ण वाढलेलं झाड बऱ्या वर्षी दीड-दोनशे किलो शेंगा देतं, तेही पिढ्यान् पिढ्या.

तरीही बांधावरची चिंच कमी होते आहे. तिच्या दाट सावलीत पीक धरत नाही. पानांच्या आंबट पाचोळ्याखाली गवतही जेमतेम येतं. रात्री तिची पानं मिटतात, म्हणून तिच्याखाली झोपू नये, तिच्यावर भूत असतं, असं पोरांना सांगितलं गेलं. भुताची भीती होती तोवर कुऱ्हाडही थोडी बिचकत असे. पुढे कायदा आला. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यातल्या यादीत साग, चंदन, खैर यांच्या पंगतीला चिंच बसली आहे आणि ती परवानगीशिवाय तोडता येत नाही. आफ्रिकेतून आलेलं झाड सरकारने चंदनाच्या रांगेत मांडलं, याहून नागरिकत्वाचा मोठा दाखला कोणता? पण दाखला असला म्हणून हातात काम असतंच असं नाही. द्राक्षबागेच्या कडेला सावली नको असते. घोंगडीची जागा ब्लँकेटने घेतली, आमटीत पाकिटातली पेस्ट आली, लोट्याला दुकानातली पुडी लागली. एकेक काम सुटत गेलं तसतशी चिंच बांधावरच्या अडचणींत मोजली जाऊ लागली.

परदेशी झाडं लावू नयेत, देशी लावावीत, हा आग्रह आता सर्वत्र आहे आणि निलगिरी-सुबाभूळ पाहिलेल्या माणसाला तो पटतोही. चिंचेपुढे मात्र तो आग्रह अडखळतो. हिला देशी कुणी ठरवलं? तिला कुठल्या राजाने बाग दिली नाही, कुठल्या देवाने वाहन केलं नाही. तांबटाने, धनगराने, वैद्याने, विणकऱ्याने आणि डोहाळे लागलेल्या बाईने, प्रत्येकाने तिला एकेक काम दिलं, आणि त्या कामांच्या बेरजेत ती इथली झाली. गोरखचिंचेकडे आपण अचंब्याने पाहिलं, चिंचेला राबवलं. आपलेपण त्या राबण्यातून आलं.

लोटा उजळून आठवडा झाला की खिडकीतल्या कुंडीत माती फुगते आणि चिंचोक्याच्या दोन जाड डाळिंब्या उचलून एक वाकडा कोंब वर येतो. दोन दिवसांत त्याला बारीक पिसांसारखी पानं फुटतात आणि संध्याकाळ झाली की तीही शिस्तीत मिटतात. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला मग कळतं की आपल्या हातून एक झाड लागलं आहे आणि त्याला दहा मीटर मोकळी जागा हवी आहे. पावसाळ्याआधी ती शोधावी लागेल.