मुलांत सोडा, आपोआप बोलायला लागेल!

डोंबिवलीतली कुठलीही सोसायटी घ्या. तीन वर्षांचा मुलगा हाक मारली तर वळून बघत नाही, हवी ती वस्तू बोट दाखवून मागत नाही, खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक फिरवत बसतो. शेजारच्या काकूंचं निदान तयार असतं: "एकुलता एक, त्यात दोघंही नोकरीला. मुलांत सोडा, आपोआप बोलायला लागेल. याचा मामासुद्धा उशिराच बोलला होता."

काकूंचा हेतू चांगलाच असतो, पण यातलं जवळपास काहीच खरं नाही. ही लक्षणं ऑटिझमची असू शकतात.

आईच्या नोकरीवर ठपका ठेवण्याची खोड जुनी आहे. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांच्या नोंदींवरून ऑटिझमचं वर्णन केलं. पुढची कित्येक वर्षं आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील. त्यांनी 1964 मध्ये पुस्तक लिहून याचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, असं मांडलं. तरी 1967 मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांचं आईबापांना दोष देणारं पुस्तक गाजलंच. विज्ञानाने तो सिद्धांत केव्हाच टाकून दिला. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आईच्या ऑफिसच्या वेळांचा नाही. लसीचंही तेच: लसीवर संशय घेणारा 1998 चा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. मोबाइलने ऑटिझम होत नाही. मात्र मोबाइलमध्ये गेलेला वेळ माणसांशी खेळण्यातून वजा होतो, एवढं खरं.

राहिला मामा. उशिरा बोलणारी मुलं असतात, पण ती शब्दांवाचूनही खूप काही सांगतात. बोट दाखवतात, कावळा दिसला की आईकडे बघतात, सापडलेलं झाकण आणून दाखवतात. हे नसेल तर मामाची वाट पाहू नये. दीड-दोन वर्षांच्या मुलाची तपासणी करता येते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची विकासात्मक तपासणीही येते, आणि त्या यादीत ऑटिझम आहे.

आता 'मुलांत सोडा'. सर्वात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. संध्याकाळी सहाला सोसायटीच्या आवारात वीस मुलं पकडापकडी खेळत असतात. 'टाइमप्लीज' कधी म्हणायचं, राज्य कुणावर, चिडवणं कधी गमतीचं आणि कधी खरं, यातलं काहीच त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. ऑटिस्टिक मुलाला नेमकं हेच बघून-बघून उमगत नाही. त्याला त्या घोळक्यात सोडलं तर तो कठड्याशी उभा राहून कान झाकून घेतो, आणि घरी परत आल्यावर आई म्हणते, "याला मुलं आवडतच नाहीत." एक शांत स्वभावाचं मूल, एक ठरलेला खेळ, वीस मिनिटं आणि जवळ बसलेलं मोठं माणूस, इथून सुरुवात केली तर जमतं.

त्याआधीची पायरी घरातलीच. बऱ्याच घरांत समजूत असते की सामाजिक कौशल्यं थेरपी सेंटरमध्ये शिकवतात आणि आपलं काम सोडायचं-आणायचं. पण आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास मिळतो. उरलेला आठवडा घरात जातो. आईबाप हे काम करू शकतात का, याची पाहणी आपल्या शेजारीच झाली आहे. गोव्यातली 'संगाथ' ही संस्था आणि पाकिस्तानातला रावळपिंडीचा गट यांनी 2 ते 9 वर्षांच्या 65 मुलांवर केलेला अभ्यास 'लॅन्सेट सायकायट्री'त 2016 मध्ये आला. पालक आणि मूल खेळताना चित्रण करायचं, मग प्रशिक्षित कार्यकर्त्याने ते पालकांसोबत बघायचं, अशी 12 सत्रं. कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. पालक मुलाच्या कलाने घ्यायला शिकले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ उलट कमी झाला. चमत्कार विकणाऱ्यांच्या जाहिरातींपेक्षा मला असा निकाल जास्त विश्वासाचा वाटतो. (चमत्कारांवरून आठवलं: ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने 2022 मध्येच स्पष्ट केलं आहे. लाखो रुपये वाचवा.)

मुलाच्या कलाने घेणं म्हणजे काय? आपल्याकडच्या मुलांना लोकलचं वेड भारी. एखादा दिवसभर "ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण" घोकत असतो. घरचे म्हणतात, "पुरे झालं आता!" त्याऐवजी बाबांनी शेजारी जमिनीवर बसावं. "पुढील स्टेशन..." म्हणावं आणि थांबावं. मनात दहा आकडे मोजावेत, मधे बोलू नये. हे थांबणं सर्वात अवघड, कारण आपल्याला शांतता सोसत नाही. "कोपर" आलं की बाबांनी पुढचं स्टेशन म्हणायचं. आळीपाळीने बोलणं हेच तर आहे! चार दिवसांनी बाबांनी मुद्दाम मुंब्र्यानंतर एकदम डोंबिवली म्हणावं. मूल वैतागून चूक सुधारतं, तेव्हा ते आपणहून तुमच्याशी बोललेलं असतं. मग ताईने टीसी होऊन तिकीट मागावं. खेळात तिसरा आला.

"आधी नजरेला नजर द्यायला शिकवा," हाही एक हुकूम. हनुवटी धरून तोंड वर करायला लावणं थांबवा. अनेक ऑटिस्टिक प्रौढ सांगतात की डोळ्यांत बघायचं तर ऐकणं सुटतं. मूल तुमच्याकडे कान देऊन चाकाकडे बघत असेल तर ते ऐकतं आहे.

दुसरा हुकूम शाळेतून येतो: घरात एकच भाषा ठेवा, आणि ती इंग्रजी. दोन भाषा ऐकल्याने ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आईबाप लोकलमध्ये असताना मुलाबरोबर दिवसभर असते ती आजी. तिला मोडक्या इंग्रजीत "कम, सिट" म्हणायला लावलं की गाणी, गप्पा, रागावणं सगळं बंद होतं आणि उरतात आज्ञा. चित्रांवर बोट ठेवून बोलायला मदत करणाऱ्या ॲपबद्दलही अशीच भीती, की मूल बोलायचंच थांबेल. तसं होत नाही, काहींचं बोलणं वाढतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' मराठीतही आहे.

आणि हट्ट. डोंबिवलीत 1999 पासून पाडव्याला स्वागतयात्रा निघते. ढोल-ताशे सुरू झाल्यावर मूल फडके रोडवर अंग टाकून ओरडायला लागलं तर तो लाडावलेपणा नव्हे, आवाज सहन होत नाही. हट्ट मागितलेलं मिळालं की थांबतो. हे ओरडणं काहीही दिलं तरी थांबत नाही, तिथून बाहेर नेल्यावर हळूहळू शमतं. आदल्या दिवशी फोटो दाखवून सांगणं, कानांवर हेडफोन, आणि दहा मिनिटांत परत फिरायची तयारी, एवढं जवळ असू द्या.

शेवटचा गैरसमज आपल्या सगळ्यांचा: कमतरता फक्त त्याच्यात. ब्रिटनमधले ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये म्हटलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. 2020 मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींसारखा प्रयोग केला. ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली, मिश्र साखळीत जास्त गळली. नंतरच्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीचा हा फरक दिसला नाही, पण ऑटिस्टिक मंडळी त्यातही मागे पडली नाहीत.

तेव्हा थोडं शिकायचं शेजारच्या मुलांनीही. हाक एकदाच मारायची, उत्तराला वेळ द्यायचा, खेळाचा नियम करून दाखवायचा. वाढदिवसाला बोलावताना काकूंनी त्याच्या आईला आधी विचारावं की गर्दी व्हायच्या आत अर्धा तास आलेलं बरं पडेल का, आणि फुगे फोडायचे असतील तर तेही सांगून ठेवावं.