लावलेले केस गळू लागले तर घाबरू नका

डोक्यावर केस लावून घेण्याचं ऑपरेशन आता फक्त तरुण मुलांचं राहिलेलं नाही. गेल्या वर्षभरात साठी-सत्तरीतल्या तिघांनी मला फोन करून एकच गोष्ट विचारली. ऑपरेशनला दीड महिना झाला, लावलेले केस उशीवर पडताहेत, पैसे पाण्यात गेले का?

नाही गेले. हे असंच होतं, आणि ऑपरेशनआधी कुणी नीट सांगत नाही म्हणून माणूस घाबरतो. आपल्यापैकी ज्यांनी कोकणात भाताची लावणी पाहिली आहे त्यांना समजायला सोपं जाईल. रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावलं की ते आधी पिवळं पडतं, मग मूळ धरतं. डोक्याच्या मागच्या भागातून काढलेलं केसाचं मूळ पुढे लावलं की त्यालाही धक्का बसतो. दोन ते आठ आठवड्यांत वरचा केस गळून जातो, पण मूळ कातडीच्या आत जिवंत असतं, फक्त विश्रांती घेत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवा केस डोकावतो, तोही आधी बारीक आणि वेडावाकडा. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे सातव्या महिन्यातही तो तीन-चार सेंटिमीटरच असणार. खरं रूप वर्षाने दिसतं, टाळूच्या मागच्या भोवऱ्यावर कधी कधी दीड वर्षाने. नातवाच्या बार मित्झवाच्या फोटोसाठी हे करायचं असेल तर निदान एक वर्ष आधी करा.

पहिले दहा दिवस सर्वांत नाजूक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरते, आरशात बघवत नाही. ती आपोआप ओसरते. उशा लावून डोकं उंच ठेवून झोपा. खपल्या सुटायला साधारण दोन आठवडे लागतात, त्या नखाने काढायच्या नाहीत, खपलीबरोबर मूळही निघून येऊ शकतं. डोक्याचा काही भाग बधिर वाटेल, तो काही आठवडे, कधी काही महिने तसा राहतो. आपण शनवार तेल्यांचे वंशज, डोक्याला तेल चोळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही! पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत खोबरेल तेलाची बाटली कपाटातच राहू द्या. समुद्र, मृत समुद्र, पोहण्याचा तलाव हे सगळं साधारण महिनाभर बंद. आपल्या इथलं ऊन तर माहीतच आहे, पुढचे काही महिने सैल टोपीशिवाय बाहेर पडू नका.

रोज तेफिलीन घालणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डोक्यावरची तेफिलीन नेमकी तिथेच बसते जिथे पुढचे केस लावलेले असतात. तिचा दाब आणि घासणं त्या दिवसांत चालणार नाही. रब्बींना आणि सर्जनला ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधीच विचारा, नंतर नको.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या वयाचे पुष्कळ लोक मिक्रोपिरिन, कुमादिन, एलिक्विस यांपैकी काही ना काही घेतात. काही जण ऑपरेशन रद्द होईल या भीतीने सर्जनला ते सांगत नाहीत. काही जण आपल्या मनाने गोळ्या बंद करतात. पहिल्यात डोक्यातून रक्त थांबत नाही, दुसऱ्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका. केसांसाठी अर्धांगवायू ओढवून घेणारा शहाणा कसा म्हणायचा? कुपत होलीममधल्या आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. साखर ताब्यात नसेल तर जखम भरायलाही वेळ लागतो. परदेशी जाऊन ऑपरेशन करून येणाऱ्यांनी परत आल्यावर कोण तपासणार हे आधीच ठरवावं. ताप, पू, वाढत जाणारं दुखणं किंवा कातडी काळी पडणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ऑपरेशननंतर उरलेले केस टिकावेत म्हणून पुरुषांना फिनास्टेराइडची गोळी देतात. तिने प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा काही महिन्यांत जवळपास निम्मा होतो. डॉक्टरांना गोळीची माहिती नसेल तर वाढलेला आकडा त्यांना नॉर्मल वाटेल, आणि कॅन्सर असला तर उशिरा कळेल. रक्त द्यायला जाल तेव्हा गोळीचं नाव सांगाच.

विशीतलं डोकं मात्र परत येत नाही. मागचे केस जिथून काढले तिथे पुन्हा उगवत नाहीत, आणि मागचा साठा वयाने विरळ झालेला असेल तर पुढे लावायला मिळणार तरी किती? पांढरे केस लावले तर पांढरेच उगवतील. चांगला सर्जन हे स्वतःहून सांगतो. जो भरगच्च केसांचं वचन देतो त्याच्याकडून मी उठून आले असते.

भगिनींपैकीही दोघींनी विचारलं होतं. बायकांचे केस बहुधा सगळ्या डोक्यावर विरळ होतात, मागेही, त्यामुळे हे ऑपरेशन प्रत्येकीला जमत नाही. आधी थायरॉईड आणि लोहाची रक्ततपासणी करून घ्या.